रविवारचा पट, आजोबांचे नियम

इंदूरला रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपली की आमच्याकडे बुद्धिबळाचा पट निघतो. आजोबा देशी नियमांवर अडून बसतात. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार. कॅसलिंग नाही, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची अडीच घरं. डाव संथ चालतो, पण गप्पांना वाव मिळतो!

घरच्या पटावरून कुठवर जाता येतं? मुंबईच्या खाडिलकर बहिणी बघा. राष्ट्रीय महिला विजेतेपद १९७४ला वासंती, १९७५ला जयश्री, १९७६ला रोहिणी. तिन्ही वर्षं एकाच घरात!

आमच्याकडे भाचीने वजीर मारला की आजोबांचा हात 'चुकून लागलेला' असतो.

पट मांडताना एवढं बघा: उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरंच हवं.