पर्च्यामागचा संगणक : रुग्णालयातील निर्णय-साहाय्य प्रणालीविषयी थोडेसे

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत आता एक चित्र सर्रास दिसते. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूला, मुलगी अमेरिकेत, आणि रामबाग, लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरच्या घरात पंचाहत्तरी ओलांडलेले आई-बाबा. बाबांचे हृदयाचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे, साखरेचे वेगळे. प्रत्येकाचा पर्चा वेगळा. (प्रिस्क्रिप्शनला पर्चा म्हणण्याची आपली सवय पुण्याच्या नातेवाइकांना गमतीची वाटते, पण शब्द सुटसुटीत आहे, इथेही तोच वापरतो.) हे तीन पर्चे शेजारी शेजारी ठेवून कोण वाचतो? बहुतेक वेळा कोणीच नाही. दवा बाजारातला दुकानदार गोळ्या काढून देतो, आणि सकाळ-दुपार-रात्रीच्या डबीत त्या एकत्र येतात.

हे वाचनाचे काम काही रुग्णालयांत संगणक करतो. इंग्रजीत त्याला ‘क्लिनिकल डिसिजन सपोर्ट’ असे नाव आहे. आपण निर्णय-साहाय्य प्रणाली म्हणू. डॉक्टर औषध, तपासणी किंवा निदान संगणकात नोंदवतात त्याच क्षणी ही प्रणाली रुग्णाचे वय, वजन, मूत्रपिंडाचा अहवाल, ॲलर्जी आणि आधीची औषधे पाहते, आणि काही खटकले तर पडद्यावर सूचना देते. निर्णय डॉक्टरांचाच राहतो.

एक उदाहरण घेऊ. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला ॲसिट्रॉमसारखी, रक्त गोठू न देणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. अशा रुग्णाला जुलाब झाले आणि दुसऱ्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल लिहून दिले, तर ॲसिट्रॉमचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. दोन्ही औषधे आपापल्या जागी बरोबर आहेत, धोका त्यांच्या जोडीत आहे. प्रत्येक डॉक्टरला अशा शेकडो जोड्या रात्री दोन वाजता आठवतीलच असे नाही. संगणकाला झोप येत नाही, एवढाच त्याचा मोठेपणा.

दुसरे उदाहरण संधिवाताचे. त्यासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चुकून ती रोज घेतली गेली तर अस्थिमज्जेवर परिणाम होतो, तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावरही बेतते. ही चूक जगभर झाली आहे, घरीही आणि रुग्णालयातही. चांगल्या प्रणालीत संधिवातासाठी ही गोळी ‘रोज’ म्हणून नोंदवू गेले की संगणक अडून बसतो आणि कारण दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

ही कल्पना आजची नाही. 1972 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स येथे डॉ. डी डॉम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचानक पोटदुखी सुरू झालेल्या 304 रुग्णांची लक्षणे संगणकात भरली. संगणकाचे निदान 91.8 टक्के रुग्णांत बरोबर आले, तर त्या गटातल्या सर्वांत अनुभवी डॉक्टरांचे 79.6 टक्के. मात्र त्या कामातली खरी शिकण्यासारखी गोष्ट आकड्यांच्या पलीकडची आहे. संगणकाला माहिती द्यायची म्हणून डॉक्टर प्रत्येक रुग्णाला ठरलेले सगळे प्रश्न विचारू लागले, आणि त्यामुळे त्यांचे स्वतःचे निदानही सुधारले. पुढे 1998 मध्ये बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाने हाताने पर्चा लिहिण्याऐवजी संगणकात औषध नोंदवण्याची पद्धत आणल्यावरचा अनुभव प्रसिद्ध केला. औषधांच्या गंभीर चुका 55 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. त्यातला मोठा वाटा साध्या गोष्टींचा होता : अक्षर वाचता येते, मात्रा ठरावीक यादीतून निवडावी लागते. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या अक्षराबद्दल आम्ही काही बोलत नाही, वाचकांनी घरातला कुठलाही पर्चा काढून पाहावा.

आपल्या देशात या कामात एक वेगळी अडचण येते, ती म्हणजे ब्रँडची नावे. एकच औषध अनेक कंपन्यांच्या अनेक नावांनी विकले जाते. डोलो आणि क्रोसिन ही दोन नावे, आत पॅरासिटामॉल एकच. कॉम्बिफ्लॅममध्येही ते आयब्युप्रोफेनच्या जोडीला असते, आणि सर्दीच्या कित्येक गोळ्यांत असते. म्हणजे ताप, अंगदुखी आणि सर्दी अशा तीन तक्रारींसाठी तीन गोळ्या घेणारा माणूस एकच औषध तीनदा घेत असतो, आणि पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर गेले तर यकृताला इजा होते. भारतात चालणाऱ्या प्रणालीला आधी प्रत्येक ब्रँड फोडून आतले मूळ औषध ओळखावे लागते, त्यानंतरच ती काही सांगू शकते. परदेशातून जशीच्या तशी आणलेली प्रणाली इथे पांगळी पडते, ती मुख्यतः यामुळे.

इथे तयार झालेले किंवा रुजलेले प्रयोगही आहेत. केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’ या दूरवैद्यकीय सेवेत गावातल्या आरोग्य केंद्रावरची कार्यकर्ती रुग्णाची लक्षणे भरते, प्रणाली तिला पुढचे प्रश्न सुचवते, आणि ती नीट जमवलेली माहिती दूरच्या डॉक्टरांसमोर जाते. लीड्सचाच धडा, फक्त पन्नास वर्षांनी आणि मोबाइलवर. क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्याला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 वर्षांवरील व्यक्तींसाठी मान्यता दिली. या क्षेत्रात मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीचे नाव जगभर आहे. जिथे एक्स-रेचे यंत्र आहे पण तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट नाही, तिथे कोणाची थुंकी आधी तपासायची हे यातून पटकन ठरते.

आपल्या सभासदांना अधिक जवळचा विषय कर्करोगाचा. फायली घेऊन रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला टाटा रुग्णालयात जाणे अनेक घरांनी केले आहे. टाटा मेमोरियल आणि राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडने ‘नव्या’ या संस्थेच्या साहाय्याने ऑनलाइन सल्ल्याची सोय उभी केली आहे. रुग्णाचे अहवाल पाठवले की प्रणाली उपलब्ध संशोधन आणि तशाच रुग्णांना पूर्वी दिलेले उपचार यांच्याशी ते ताडून पाहते, मग तज्ज्ञ डॉक्टर आपले मत देतात. त्यामुळे प्रवास नेहमीच टळेल असे नव्हे, पण तो करावा का, आणि इंदूरमध्येच होऊ शकणारे उपचार कोणते, हे घरी बसून कळू शकते. केमोथेरपीनंतर थकलेल्या माणसाला बारा-तेरा तास गाडीत बसवावे लागले आहे अशांना याची किंमत समजेल.

आता दुसरी बाजू. आयबीएमच्या ‘वॉटसन फॉर ऑन्कॉलॉजी’चा एके काळी मोठा गाजावाजा होता. बंगळुरूच्या मणिपाल रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाच्या 638 प्रकरणांत तिचे मत तिथल्या तज्ज्ञांशी 93 टक्के जुळले. पण तज्ज्ञांशी जुळणे आणि रुग्ण बरे होणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 2022 मध्ये आयबीएमने हा आरोग्य-व्यवसाय विकला. हरियाणा आणि कर्नाटकातल्या 40 सामुदायिक आरोग्य केंद्रांत ‘एमवेलकेअर’ नावाची प्रणाली रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी वापरून पाहिली. 2019 मध्ये निष्कर्ष आला तो असा : जिथे संगणक नव्हता पण परिचारिकांना प्रशिक्षण आणि उपचारांचे तक्ते दिले होते, तिथेही रुग्ण तितकेच सुधारले. आम्हाला हा निष्कर्ष निराशाजनक वाटत नाही. प्रशिक्षित परिचारिका आणि भिंतीवरचा तक्ता हीसुद्धा निर्णय-साहाय्य प्रणालीच आहे, आणि वीज गेल्यावरही ती चालते.

सर्वांत मोठी अडचण म्हणजे सूचनांचा भडिमार. प्रणाली बारीकसारीक गोष्टीवर इशारे देऊ लागली की डॉक्टर ते न वाचताच बंद करतात. निरनिराळ्या पाहण्यांत अर्ध्यापासून नव्वद टक्क्यांहून अधिक इशारे असे बाजूला सारले गेल्याचे आढळले आहे. परिणाम काय होतो याचे 2013 सालचे उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयातले आहे. 16 वर्षांच्या एका मुलाला सेप्ट्रा या प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती. डॉक्टरांनी संगणकात 160 हा आकडा टाकला. त्यांच्या मनात होते 160 मिलिग्रॅम, पण पडद्यावर एकक होते ‘दर किलो वजनामागे मिलिग्रॅम’. मुलाचे वजन 38 किलोच्या वर. संगणकाने गुणाकार केला आणि मात्रा आली साडेअडतीस गोळ्या. इशारा आला, डॉक्टरांनी बंद केला. औषधालयातही इशारा आला, तिथेही बंद झाला. यंत्रमानवाने गोळ्या बिनचूक मोजून पुड्या बांधल्या. परिचारिकेला आकडा खटकला, पण बारकोड वाचणाऱ्या यंत्राने ‘बरोबर’ सांगितले. मुलाने सगळ्या गोळ्या घेतल्या, त्याला मोठा झटका आला. सुदैवाने तो वाचला.

म्हणून आम्हाला वाटते, की रुग्णालयात संगणक आहे का यापेक्षा, त्यात भरलेली माहिती खरी आहे का हा प्रश्न आपण आधी विचारावा. ती माहिती बरीचशी आपल्याकडूनच जाते. भरती करताना ‘वजन किती?’ या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देऊ नये, काट्यावर उभे करायला सांगावे, कारण औषधाची मात्रा कित्येकदा वजनावरून ठरते. मूत्रपिंड कसे चालते हे सांगणारा क्रिएटिनिनचा ताजा अहवाल जवळ ठेवावा. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, त्या औषधाचे नाव सांगावे. ‘कुठल्यातरी पांढऱ्या गोळीने त्रास झाला होता’ हे वाक्य कुठलाही संगणक समजू शकत नाही. आणि घरातले काढे, वैद्यांची चूर्णे, शेजारच्यांनी दिलेली दुखण्यावरची गोळी हेही सांगावे. ते लपवण्यासारखे काही नाही, मात्र रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि दुखण्यावरची गोळी ही तिन्ही एकत्र आली तर वृद्धांच्या मूत्रपिंडाला धोका असतो.

वॉर्डात असताना नातेवाइकांना उपयोगी पडेल अशी आणखी एक गोष्ट. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये ‘न्यूज’ नावाची गुणपद्धत आणली, 2017 मध्ये ती सुधारली. श्वासाची गती, रक्तातला ऑक्सिजन, ऑक्सिजन लावला आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सात गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज 5 झाली तर डॉक्टरांनी तातडीने पाहावे, 7 झाली तर आणीबाणी. काही ठिकाणी ही बेरीज संगणक करतो, काही ठिकाणी परिचारिका कागदावर करते. श्वासाची गती मोजायचीच राहून गेली तर दोघांचीही बेरीज चुकते. ‘सिस्टर, श्वास मोजलात का?’ असे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

ज्यांनी 14 अंकी ‘आभा’ क्रमांक काढला आहे, त्यांना आपले अहवाल फोनवर एकत्र ठेवता येतात. ज्यांना फोनचा कंटाळा आहे त्यांनी एका कागदावर यादी करावी : औषधाचे मूळ नाव, ब्रँड, किती मिलिग्रॅम, केव्हा, कोणत्या डॉक्टरांनी दिले. एक प्रत पाकिटात, एक फ्रिजवर, एक परगावच्या मुलांकडे. यादीचा कोरा नमुना मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे, अक्षरे मोठी आहेत. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी ‘केव्हा’च्या रकान्यात वाराचे नाव स्पष्ट लिहावे, उदाहरणार्थ ‘फक्त रविवारी’.