किती पीस उचलू?

सकाळी 9:20
लालबागच्या चाळीतून निघाला तो चालत लोअर परळला. तिथून धिमी लोकल, तिसरं स्टेशन ग्रँट रोड. डब्यात पोळी आणि भेंडी. वय एकेचाळीस. त्यातली बावीस वर्षं लॅमिंग्टन रोडच्या याच गाळ्यात, गेमची मशिनं उघडण्यात गेली. पगार 22,000. दर दुरुस्तीमागे थोडे वर.

10:15
शटर वर, उदबत्ती. टेबलावर हॉट एअर गन, चिमटे, फ्लक्सची डबी, जुना टूथब्रश. पहिलं मशीन पीएस 5. टीव्हीवर चित्र येत नाही. कुणीतरी एचडीएमआयची वायर तिरकी खेचली, आतली पिन वाकली. शेजारचे बारीक पार्ट टेपने झाकायचे, मग गरम हवा. घाई केली की बोर्डावरची पट्टीच उचलून येते. चाळीस मिनिटं मान खाली. बिल 2,500 रुपये. पोर्ट दोनशेचं, बाकी सगळे त्या मानेचे.

12:40
बाप आणि मुलगा.
"काका, पीएस 5 घेऊ की एक्सबॉक्स?"
"तुझे मित्र कशावर खेळतात?"
"बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे पीएस."
"मग विचारतोस काय?"
चिप कोणती, ताकद किती, हे त्याने काढलंच नाही. कुठलं मशीन चालेल ते सांगायला मला हाच प्रश्न सगळ्यात भरवशाचा वाटतो. मित्राची सीडी आपल्या मशीनवर चालली पाहिजे. सेगाचं ड्रीमकास्ट 1998 साली पीएस 2 च्या आधी आलं, गेम सुंदर होते, तरी 2001 मध्ये बंद झालं. पीएस 2 वर सिनेमाची डीव्हीडीही लागायची. घरच्यांना पटवायला पोराला तेवढं पुरायचं. ते मशीन पंधरा कोटींच्या वर खपलं.

2:15
डबा. कटिंग.

4:30
शेठ वही घेऊन आले. "दिवाळीला किती पीस उचलू?"
इथे अंदाज चुकला की पैसे अडकतात, आणि वर व्याज चालू. याच रस्त्यावर सिनेमा वितरकांची नाझ इमारत. तिथल्या वितरकांनी पिढ्यान्‌पिढ्या असंच केलं: न लागलेल्या सिनेमावर पैसे लावायचे.
तो वर बोट दाखवतो. माळ्यावर वी यू चं खोकं, धूळ खात. निन्टेंडोचं 2012 चं मशीन, जगभरात साधारण 1 कोटी 35 लाख खपलं. त्याच कंपनीचं 2017 चं स्विच पंधरा कोटींच्या पुढे गेलं. खोक्यावरचं नाव बघून माल उचलायचा नाही, असं तो म्हणतो. स्विचची इथे अधिकृत विक्री नाही. माल बाहेरून येतो, डॉलर हलला की भाव हलतो.
"स्विच दोनच घ्या, शेठ. पीएस आठ. एक्सबॉक्स कुणी पैसे देऊन सांगितलं तरच."
शेठनी बारा लिहिले. मग खोडून दहा केले.

7:00
गर्दी. सात कंट्रोलर आले, सगळ्यांची एकच तक्रार: स्टिक आपोआप सरकते. पाच पीएस 4 चे. मशीन 2013 चं, पण आपल्या घरांत अजून रोज चालतं. पीएस 2 सुद्धा कंपनी 2013 च्या सुरुवातीपर्यंत बनवत होती.

8:50
स्टिकचा डबा उघडून मोजतो. अकरा उरल्या. स्पेअरचे पैसे त्याच्या खिशातले असतात, शेठचे नाहीत. पाठच्या गल्लीतल्या होलसेलवाल्याला फोन लावतो.
"पीएस 4 च्या पन्नास ठेव. पीएस 5 च्या वीस. सकाळी येतो."
शटर खाली. आठची गाडी चुकलीच होती. नऊची गाडी पकडायला तो झपाझप निघतो.