विशेष मुलासाठी शाळा कशी ठरवावी

विशेष गरजा असलेल्या मुलाच्या शिक्षणासाठी महाराष्ट्रात साधारण पाच वाटा आहेत. घराजवळची नेहमीची शाळा ही पहिली, आणि त्याच शाळेत विशेष शिक्षकाची नियमित जोड ही दुसरी. उरलेल्या तीन म्हणजे विशेष शाळा, मुक्त विद्यालय आणि तीव्र किंवा बहुविकलांग मुलांसाठी घरी मिळणारे शिक्षण. यांतली कोणती वाट मुलाच्या हिताची, हे निदानाच्या नावावरून ठरत नाही. मूल कुठे खरोखर शिकेल आणि कुठे वर्गाचा भाग होईल, यावरून ते ठरते.

निवडीचा हक्क कायद्याने दिलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरले आहेत. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला परिसरातल्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीनुसार, मोफत शिकता येते. म्हणजे शाळा सुचवू शकते, डॉक्टर सल्ला देऊ शकतात, पण शेवटची निवड कुटुंबाची. शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग मुले वंचित गटात आली, आणि तीव्र व बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्यायही मिळाला. याच कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास मनाई आहे. ‘आधी मुलाला बघू, मग सांगू’ असे म्हणणाऱ्या शाळेला हे माहीत नसते, किंवा पालकांना माहीत नसेल असा तिचा अंदाज असतो.

सुरुवात तपासणीपासून करावी, आणि तपासणीची सुरुवात कान व डोळ्यांपासून. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. ऐकू कमी येणारे मूल हाकेला ओ देत नाही, सूचना अर्धवट पाळते, आणि ‘मंद’ हा शिक्का घेऊन फिरते. जिल्हा रुग्णालयांशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत श्रवण, दृष्टी, वाचा आणि विकास यांची तपासणी एकाच ठिकाणी व्हावी, अशी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची रचना आहे. त्यानंतर बुद्धिमापन. त्यासाठी वापरात असलेल्या बिने-कामत चाचणीला आणि नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेल्या चाचणीला जुनी परंपरा आहे. चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत झाली का, हे मात्र विचारायलाच हवे. घरी अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी प्रश्न कळला नाही, तर तो बुद्धीचा दोष नव्हे.

अहवालातल्या टक्केवारीने पालक सर्वांत जास्त घाबरतात. बौद्धिक अक्षमता सौम्य असेल तर प्रमाणपत्रावर 50 टक्के येतात, मध्यम असेल तर 75, तीव्र असेल तर 90. ‘75 टक्के’ वाचून मूल पाव भागच शिकू शकेल असा अर्थ घरात काढला जातो. हे आकडे सवलती आणि योजनांसाठी ठरवलेले आहेत, शिकण्याच्या मर्यादेसाठी नव्हेत. शाळा निवडताना उपयोगी पडते ती वेगळीच माहिती. मूल दोन पायऱ्यांची सूचना पाळते का? लघवी लागल्याचे सांगते का? गोंगाटात टिकते का? दुसऱ्या मुलाजवळ जाऊन बसते का? कशाने खुलते? हे पानभर लिहून काढले तर कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त बोलते.

यानंतर प्रकारानुसार विचार करावा लागतो, कारण सगळ्यांना एकच माप लावता येत नाही.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची जागा नेहमीच्या शाळेतच असते. हे मूल बोलण्यात चुणचुणीत असते, गोष्ट ऐकून अचूक सांगते. फळ्यावरची कविता वहीत उतरवताना पुष्कळदा अडखळते, आणि तीच ओळ वाचायला सांगितली की अडते. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत गफलत होते, वेलांट्या इकडच्या तिकडे जातात, जोडाक्षर आले की पान बंद होते. अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षाआधी सहसा मिळत नाही, पण मदतीला प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढे दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. नेहमीच्या मंडळाचा अभ्यासक्रम फारच जड जात असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयात मोजके विषय घेऊन, टप्प्याटप्प्याने परीक्षा देता येते.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाबाबत मोठी चूक होते ती शरीरावरून बुद्धीचा अंदाज बांधण्याची. बोलणे अस्पष्ट, लाळ गळते, हात थरथरतो, म्हणून ज्याला विशेष शाळेच्या वाटेला लावले जाते, ते मूल पुष्कळदा वर्गातले सगळे समजत असते. त्याला हवा असतो रॅम्प, रुंद दाराचे स्वच्छतागृह, उंची बदलणारे टेबल आणि उत्तराला थोडा जास्त वेळ. मुंबईत मिठू आलूर यांनी 1972 साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची शाळा सुरू केली ती या मुलांना कोणी घेत नव्हते म्हणून. आज त्यांतल्या अनेकांना घराजवळच्या शाळेत बसवता येते, शाळेने इमारतीचा विचार केला तर.

कर्णबधिर मुलाच्या बाबतीत घाई करावी लागते, आणि ती योग्य दिशेने. भाषा रुजण्याची वर्षे पहिली पाच. या काळात मुलाला कोणती तरी एक भाषा पूर्ण मिळाली पाहिजे. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट लवकर बसले, वाचाउपचार नियमित झाले, तर बालवाडीपासून नेहमीच्या शाळेचा विचार करता येतो. तेवढे ऐकू येत नसेल, तर सांकेतिक भाषा येणारे शिक्षक आणि सवंगडी असलेली विशेष शाळाच चांगली. मुंबईत माझगावला कर्णबधिरांची शाळा 1885 सालापासून आहे. बोलणाऱ्या पन्नास मुलांत न ऐकणारे एक मूल बसवले, की ते दिवसभर ओठांकडे बघून थकते आणि घरी येऊन चिडते. त्याला सर्वसमावेशक शिक्षण म्हणणे हे मुलावर अन्याय करणारे आहे. अंध मुलांसाठी पुष्कळदा दोन टप्प्यांची वाट उपयोगी ठरते. आधी विशेष शाळेत ब्रेल आणि पांढऱ्या काठीने चालणे, मग विशेष शिक्षकाच्या साहाय्याने नेहमीची शाळा.

स्वमग्न मुलांबद्दल सरसकट काहीच सांगता येत नाही. भाषा असलेले, नियम आवडणारे मूल लहान वर्गात छान रुळते. घंटेच्या आवाजाने कान झाकून खाली बसणाऱ्या मुलाला आधी शांत, ठरावीक दिनक्रमाची जागा लागते.

सर्वांत अवघड निर्णय सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचा. पहिली ते चौथी हे मूल नेहमीच्या वर्गात रमते, गाणी म्हणते, डबा वाटून खाते. पाचवीत विषय वाढतात, शिक्षक बदलतात आणि अंतर एकदम दिसू लागते. विशेष शाळेत जाणे म्हणजे हरणे, असे वाटून बरेच पालक तेव्हा आठवी-नववीपर्यंत रेटतात. तोवर मुलाचा आत्मविश्वास गेलेला असतो. पैशांचा हिशेब, बसप्रवास, स्वयंपाकघरातली कामे, कार्यशाळेची तयारी, हे सगळे विशेष शाळा ज्या सावकाशीने शिकवते त्याला मोल आहे. मुंबईच्या जय वकील शाळेने 1944 पासून आणि पुण्याच्या कामायनीने 1964 पासून हे काम केले आहे. दहाव्या वर्षी तिथे गेलेले मूल आणि पंधराव्या वर्षी गेलेले मूल यांत फरक पडतो.

वाट ठरली की प्रत्यक्ष शाळा पाहावी, आणि ती मधल्या सुट्टीत पाहावी. विशेष मूल डबा कोणाबरोबर खाते, हे बघितले की बाकीचे बरेच कळते. ते मावशींजवळ एकटे बसलेले असेल, तर भिंतीवरच्या सर्वसमावेशकतेच्या फलकाला अर्थ नाही. रॅम्प कुठे संपतो तेही पाहावे, कारण पुष्कळ रॅम्प दोन पायऱ्यांपाशी संपतात. विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा कोण लिहिते, वर्षातून किती वेळा पालकांसमोर ठेवते, याचे उत्तर चटकन आले पाहिजे.

शाळा ‘शॅडो टीचर तुम्ही आणा’ म्हणत असेल तर थोडे थांबावे. सोबतीची व्यक्ती काही काळ लागते हे खरे, पण वर्गशिक्षिका त्या मुलाकडे वळतच नसेल तर ते त्या वर्गाचे विद्यार्थी झालेलेच नाही.

माध्यमाचा प्रश्न महाराष्ट्रात हमखास निघतो. उशिरा बोलू लागलेल्या मुलाला, घरी मराठी असताना, प्रतिष्ठेपायी इंग्रजी शाळेत घालणे म्हणजे त्याच्या पाठीवर दुसरे ओझे देणे. वाचा अडखळत असेल तर घरची भाषा हीच शाळेची भाषा असावी. तसेच अंतराचे. रोज दीड तास बसमध्ये बसून उत्तम शाळेत जाणारे मूल पोहोचेपर्यंतच दमते.

घेतलेला निर्णय कायमचा नसतो. दर एप्रिलमध्ये आराखडा समोर ठेवून पाहावे. वर्षभरात काय नवे आले, मित्र कोण झाले, रविवारी संध्याकाळी मूल रडते का. उत्तरे वाईट असतील तर शाळा बदलावी. विशेष शाळेतून नेहमीच्या शाळेत आणि उलटही जाता येते.

शाळेने प्रवेश नाकारला, तर नकार लेखी मागावा. तोंडी नकार पुढे सिद्ध करणे कठीण जाते. लेखी नकार आणि साधा अर्ज घेऊन आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. तिथे दाद मिळाली नाही, तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते.