रिद्धपूरचे ओटे

देवळात मुक्काम ठोकायचा, पण तिथल्या देवाकडे मोक्ष मागायचा नाही. जमेल का हे? साडेसातशे वर्षांपूर्वी आपल्या वऱ्हाडात काही माणसांनी ते जमवलं होतं. आणि गंमत अशी की मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ याच माणसांनी लिहिला.

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, या माणसांच्या महानुभाव पंथाची काशी. इथले गोविंदप्रभू आणि त्यांचे शिष्य चक्रधरस्वामी. स्वामींचं म्हणणं रोकठोक होतं: परमेश्वर एकच. बाकीच्या देवता कितीही थोर असोत, मोक्ष देणं त्यांच्या हातात नाही. गावोगावच्या देवळांचा निकाल लागला की एका वाक्यात!

मग स्वामी उतरायचे कुठे? देवळातच. भटक्या संन्याशाला दुसरं छप्पर कुठलं? लीळाचरित्र उघडा, स्वामींच्या आठवणींचा तोच तो पहिला गद्यग्रंथ. स्वामी या देवळाच्या चौकात बसले, त्या मठात निजले, अमक्या पडवीत जेवले. ज्या देवाला मोक्षदाता मानायचं नाही, त्याच्याच अंगणात बसून हे निरूपण.

1274 च्या सुमारास स्वामी उत्तरेकडे निघून गेले आणि शिष्य सैरभैर झाले. नागदेवाचार्य आणि मंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंजवळ येऊन राहिली. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यानं पाहिलं त्याला गाठायचं, विचारायचं, पडताळायचं. आजचा चांगला वार्ताहर याहून वेगळं काय करतो?

पण या मंडळींना एक प्रश्न सतत छळत होता: कुठे? स्वामी काय बोलले हे तर हवंच, पण कुठे बसून बोलले? तोंड कुठल्या दिशेला होतं? देवळाच्या कुठल्या अंगाला? या ध्यासातून चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ नावाचा चमत्कार जन्मला. चमत्कारच म्हणायचा, कारण ही पोथी म्हणजे निव्वळ पत्त्यांची वही आहे! स्वामी फार दिवस राहिले ते अवस्थान, रात्रभर टेकले ते वसतिस्थान, घटकाभर बसले ते आसनस्थान. लघुशंकेला गेले ती जागासुद्धा सुटलेली नाही. आपण आजोबांच्या आरामखुर्चीबद्दल हळवे होतो. इथे एका माणसाच्या आठवणीसाठी मुलूखच्या मुलूख नोंदवून ठेवलाय. आता तीच पोथी तेराव्या शतकातली देवळं शोधणाऱ्या अभ्यासकांच्या कामी येते. ज्यांना त्या देवांशी कर्तव्य नव्हतं, त्यांनीच त्या देवांच्या घरांचे नकाशे जपले.

पंथानं वंदनीय मानलेल्या गोष्टी चार: स्थान, प्रसाद, भिक्षुक, वासनिक. पहिला मान जागेला. म्हणून त्या जागांवर ओटे बांधले. आता वऱ्हाडात ओटा म्हणजे काय हे मी सांगायला हवं? संध्याकाळी शेजारीपाजारी येऊन टेकतात, पिकापाण्याच्या गप्पा होतात, तो. देवाची आठवण ठेवायला यांनी कळस नाही उभारला, बसायची जागा उभारली.

आणि कविता? महानुभावांचे काव्यग्रंथ मानाचे सात. त्यांत कृष्णकथा आहेत, तत्त्वज्ञान आहे आणि एक आख्खा ग्रंथ आहे ‘ऋद्धिपूरवर्णन’. एका गावावर ग्रंथ!

जागेची ही ओढ फक्त भक्तांची असती तर नवल नव्हतं. 1954 साली फिलिप लार्किन या इंग्रज कवीनं ‘चर्च गोइंग’ लिहिली. तिच्यातला सायकलस्वार अश्रद्ध आहे, रिकाम्या चर्चमध्ये शिरतो, आणि उतरवायला डोक्यावर टोपी नाही म्हणून पँटला लावलेल्या सायकलच्या क्लिपा काढतो. कुणासाठी? चर्चमध्ये चिटपाखरू नाही, देव त्याच्या लेखी नाही. तरी हात क्लिपांकडे जातोच. आपल्याकडे अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’ 1976 साली पुस्तकरूपात आलं. त्यातल्या पडक्या मारुतीच्या देवळात पिल्लांसह कुत्री नांदते, आणि कवी तिला हाकलत नाही. त्याची नजर तिरकस आहे, भाविकाची नाहीच; पण डोंगर चढून दगडन् दगड न्याहाळल्याशिवाय तो परत फिरत नाही. नुसती थट्टाच करायची असती तर एवढी पायपीट कोण करतं?

रिद्धपूरला गेलो तेव्हा दुपारचं ऊन रणरणत होतं. माझा विश्वास कशावर आहे, हे मला धड सांगता येत नाही. सावलीतला एक ओटा दिसला, सवयीनं टेकायला वाकलो. मागून एका आजीचा आवाज आला, “बसू नोको रे बाप्पा, तठी स्वामी बसले होते.”

काल-परवाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं तिनं. मी चपला हातात घेऊन उन्हात उभा राहिलो.