युरिया टाकल्यावर उग्र वास येतो? त्यामागे आहे समतोल स्थिरांकाचं गणित

ओतूरला कांद्यात किंवा मंचरला उसात युरिया फेकला, वरून पाणी द्यायचं राहिलं आणि दोन-तीन दिवसांनी बांधावर डोळ्यांना झोंबणारा वास आला. हा वास अमोनियाचा. म्हणजे तुम्ही पैसे मोजून आणलेलं नत्र हवेत चाललंय. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे 20.7 किलो नत्र असतं.

त्यातलं किती उडणार? याचा अंदाज बारावीत मार्कांपुरता पाठ केलेला 'समतोल स्थिरांक' देतो.

जमिनीत युरियाचं आधी अमोनियम होतं. ते पाण्यात विरघळलेलं राहतं किंवा मातीच्या कणांना धरून बसतं. पण त्यातलं थोडं अमोनियम सतत फुटून अमोनिया आणि हायड्रोजन आयन तयार होतात आणि त्याच वेळी उलटी प्रक्रियाही चालू असते. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात जितक्या गाड्या आत येतात तितक्याच बाहेर पडल्या, तर आतली गर्दी तेवढीच दिसते. पण म्हणून मार्केट थांबलेलं नसतं. रसायनशास्त्रातला समतोल असाच.

या समतोलात एक आकडा ठरलेला असतो:

स्थिरांक = (अमोनिया × हायड्रोजन आयन) ÷ अमोनियम

इथे प्रत्येकाचं पाण्यातलं प्रमाण घ्यायचं. 25 अंश सेल्सिअसला हा आकडा येतो 5.6 × 10⁻¹⁰. खत कमी टाका की जास्त, तो बदलत नाही. तापमान बदललं की मात्र बदलतो. 35 अंशांना तो जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे उन्हाळ्यात नुकसान जास्त.

आता सामू, म्हणजे पीएच. सामू 8 म्हणजे हायड्रोजन आयन 10⁻⁸. स्थिरांकाला त्याने भागा: 0.056. म्हणजे अमोनियमच्या 1000 कणांमागे अमोनियाचे 56. एकूण मिळून साधारण 5 टक्के. सामू 7 असेल तर हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि 9 असेल तर थेट 36 टक्के!

जुन्नर-आंबेगावात हा फरक एकाच तालुक्यात सापडतो. पश्चिमेला घाटाकडची, पावसाने धुतलेली लाल माती साधारणपणे आम्लधर्मी. पूर्वेकडच्या काळ्या जमिनीचा सामू अनेकदा 8 च्या आसपास. त्यात गंमत अशी (शेतकऱ्याला ती गंमत वाटणार नाही), की युरिया अमोनियममध्ये बदलताना दाण्याभोवतीचा सामू स्वतःच वाढवतो, काही दिवस 9 पर्यंतही.

5 टक्के म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण हा त्या क्षणाचा हिशोब आहे. तयार झालेला अमोनिया वाऱ्याने उडाला की समतोल बिघडतो आणि तो भरून काढायला आणखी अमोनियम फुटतं. तोही उडतो. पृष्ठभागावर युरिया उघडा राहील तोवर ही गळती चालू. म्हणून युरिया मातीआड करा किंवा लगेच पाणी देऊन खाली उतरवा, असं सांगतात. खाली गेलेल्या अमोनियाला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि माती अमोनियमला धरून ठेवते.

तुमच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू लिहिलेला असतो. समजा तो 8.3 आहे. हायड्रोजन आयन 5 × 10⁻⁹, भागाकार 0.11, म्हणजे साधारण 10 टक्के. पत्रिका काढा आणि तुमचा आकडा टाकून बघा.