आधी अर्ज, मग शिवारफेरी
(लेखमाला : शोधाचा हक्क – लेखांक ४)

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते, हे मागील लेखांकात आपण पाहिले. आज कीड नियंत्रणाच्या साधनांकडे वळू. कामगंध सापळा, प्रकाश सापळा, चिकट सापळा यांत नवी सुधारणा सुचली, साधन तयार झाले, की ते शिवारफेरीत मांडावे, त्याची चित्रफीत चार गटांवर पाठवावी, असे कोणालाही वाटेल. पेटंट हवे असेल तर मात्र हा क्रम उलटा हवा. पेटंट नव्या गोष्टीलाच मिळते आणि अर्जापूर्वी लोकांसमोर आलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने नवी राहत नाही, मग ती खुद्द संशोधकाने दाखवलेली का असेना.

याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्राच्या मातीतला आहे. युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ साली अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट दिले. त्याला आव्हान मिळाले, तेव्हा पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ मध्ये शेतकऱ्यांसमोर झालेल्या चाचण्यांचा पुरावा पुढे आला. मे २००० मध्ये ते पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. या निकालाचा आपल्याला आनंद झाला, आणि तो योग्यच होता. पण शेतकऱ्यांसमोरची जी चाचणी परक्याचा दावा मोडते, तीच आपलाही दावा मोडू शकते.

यावर कोणी म्हणेल, की शेतात लावल्याशिवाय सापळ्याची परीक्षा होणार कशी? आक्षेप रास्त आहे आणि कायद्याने त्याची दखल घेतली आहे. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३२ नुसार, शोधाच्या स्वरूपामुळे उघड्यावर चाचणी घेणे भागच असेल, तर अर्जापूर्वीच्या एका वर्षातील वाजवी चाचणीने नवेपण जात नाही. मात्र ही सवलत केवळ चाचणीपुरती आहे. विक्रीला किंवा जाहिरातीला नाही. प्रदर्शनाची सवलतही केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच आहे. तेव्हा भरवसा ठेवावा तो प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या तपशिलाच्या, अर्जावर. व्यक्तीने तो ऑनलाइन भरल्यास मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील दाखल करावा लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. पहिल्या तारखेचा लाभ त्या अर्जात खरोखर लिहिलेल्या गोष्टींनाच मिळतो. म्हणून त्यातही रचना, मापे आणि आकृत्या नीट द्याव्यात.

काय मागायचे, हेही तितकेच महत्त्वाचे. कलम ३(ह) नुसार शेती वा फळबागेची पद्धत पेटंटयोग्य नाही. त्यामुळे एकरी किती सापळे, किती उंचीवर लावावेत, यावर हक्क मागून उपयोग नाही; हक्क मागायचा तो साधनाच्या रचनेवर. शिवाय कलम ३(फ) म्हणते, की ओळखीची उपकरणे नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक आपापले काम वेगवेगळे करत राहिले, तर तो शोध नव्हे. सौर दिवा, नरसाळे आणि पाण्याचे घमेले जोडून भागत नाही. त्या जोडणीतून मित्रकीटक वाचण्यासारखा, सुट्या भागांकडून न मिळणारा परिणाम साधतो, हे चाचणीच्या नोंदींनी दाखवावे लागते.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे : शेतकऱ्याच्या उपयोगाची वस्तू कोणी अडवून का धरावी? पण पेटंट घेणे म्हणजे वस्तू अडवून धरणे नव्हे. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, ज्ञान सर्वांसमोर येते आणि हक्कधारकाला हवे तर तो विनामूल्य परवानाही देऊ शकतो. शोध सर्वांसाठी खुलाच ठेवायचा असेल, तर तो तारखेसह तपशीलवार प्रसिद्ध करावा, म्हणजे नंतर कोणी त्यावर मालकी सांगू शकणार नाही. दोन्ही वाटा सन्मानाच्या आहेत. नुकसान होते ते विचार न करता दाखवून टाकण्यात. नवे साधन हाती असलेल्या प्रत्येक वाचकाला म्हणूनच विनंती, की निवड आधी करा आणि साधन लोकांसमोर त्यानंतरच न्या.