जुना कॉम्प्युटर चालू होईना? 'बोर्ड गेला' हे मान्य करण्याआधी एवढं तपासा

मोडनिंब : दाखले काढायचं केंद्र असो, लग्नाचे अल्बम करणारा स्टुडिओ असो, नाहीतर पोरांसाठी घेतलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा पीसी. एके दिवशी तो चालूच होत नाही आणि दुकानात उत्तर मिळतं, "बोर्ड गेलाय, नवीन बसवावा लागेल." मदरबोर्ड खरंच जातो, नाही असं नाही. पण कित्येकदा दोष दुसरीकडेच असतो आणि भुर्दंड बोर्डाच्या नावावर पडतो.

आधी पिन काढा, पाच मिनिटं थांबा, मग सीपीयूच्या डब्याचं झाकण उघडा. डब्याच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. आतली धूळ कोरड्या ब्रशने काढा. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके पुसा आणि खटका लागेपर्यंत दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. आणखी एक खूण आहे. रॅम पूर्ण काढून चालू केल्यावर डब्यातल्या छोट्या स्पीकरमधून बीप-बीप आवाज आला, तर बोर्ड आणि प्रोसेसर बहुतेक जिवंत आहेत असं समजा.

पीसी चालू होतो पण तारीख काही वर्षं मागे जाते, सरकारी साईट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत उघडत नाही? मग बोर्डावरचा बटणासारखा सेल संपलाय. तो सीआर 2032 नावाचा 3 व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

अजिबात लाईट लागत नसेल तर संशय एसएमपीएसवर घ्या, म्हणजे मागच्या बाजूला वायर लागते त्या पत्र्याच्या डब्यावर. आपल्याकडे लाईट जाते-येते, व्होल्टेज वर-खाली होतं, वळवाच्या पावसात वीज कडाडते. यात पहिला मार त्यालाच बसतो. ओळखीच्या कुणाचा चालू एसएमपीएस लावून बघणं सगळ्यात सोपं. मिस्त्रीकडे मीटर असेल तर 12 व्होल्टची लाईन 11.4 ते 12.6 आणि 5 व्होल्टची 4.75 ते 5.25 च्या आत दिसली पाहिजे. नुसता पंखा फिरतोय म्हणून तो चांगला, असं धरू नका. आणि एसएमपीएस स्वतः उघडायचा नाही! पिन काढल्यावरही आत जोरदार करंट साठलेला असतो.

आता बोर्ड. प्रोसेसरच्या शेजारी उभे गोल कपॅसिटर असतात. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलं असेल किंवा तपकिरी चिकट ओघळ दिसत असेल तर ते गेले. 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभर खराब कपॅसिटर बोर्डांवर बसले होते, त्यामुळे त्या काळातल्या मशीनमध्ये हा दोष हमखास सापडतो. सोल्डरिंग करणारा चांगला कारागीर ते बदलून देतो. मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्ट तेवढाच किंवा जास्त आणि प्लस-मायनसची बाजू बरोबर, एवढं पाहिजे. बोर्ड जळून काळा पडला असेल तर मात्र नाद सोडा.

बदलायचाच ठरला तर तुमचा प्रोसेसर आणि रॅम ज्यात बसते तोच बोर्ड मागा. एच 61 बोर्डात इंटेलचे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे कोअर प्रोसेसर आणि डीडीआर 3 रॅम चालते. डीडीआर 2 ची पट्टी त्यात बसणारच नाही. जुना बोर्ड घेताना प्रोसेसरच्या खाचेतली एकही पिन वाकलेली नाही ना, तेवढं उजेडात बघा.

एक हिशोब मात्र आधी करा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि एवढ्या जुन्या मशीनला मायक्रोसॉफ्ट विंडोज 11 साठी मान्यता देत नाही. टायपिंग, पोरांचा अभ्यास यासाठी स्वस्तात होणारी दुरुस्ती परवडते. लोकांची आधार-बँकेची कामं ज्यावर होतात, त्या मशीनवर मोठा खर्च करण्यापेक्षा पैसे नव्यात घातलेले बरे, असं आमचं मत.

बोर्ड गेला म्हणजे फोटो, फाईली गेल्या असं नव्हे. त्या हार्डडिस्कमध्ये असतात. दुकानात देण्याआधी ती काढून घरी ठेवा, नाहीतर केबलने दुसऱ्या पीसीला जोडून कॉपी करून घ्या. जुना बोर्ड पोरांना जाळू देऊ नका, त्यात शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.